नाशिकजवळ द्राक्षबागेत लग्न करायचं आहे. तारीख, परवानग्या, अनुभव सांगा

ठाणेकर मामा

नमस्कार मंडळी. भाचीचं लग्न ठरलं आहे. ती बंगळुरात नोकरीला, मुलाकडचे इंदूरचे, आम्ही ठाण्याचे. दोघांनी मिळून एकच गोष्ट मागितली आहे, लग्न नाशिककडच्या एखाद्या द्राक्षबागेत व्हावं. मेहुणे आज नाहीत, त्यामुळे मुलीकडची सगळी जबाबदारी माझ्यावर आहे आणि त्यात कुठे उणं पडू नये असं मनापासून वाटतं.

माणसं साधारण २५०, त्यातली चाळीसेक सत्तरीच्या पुढची. आदल्या दिवशी सीमांतपूजन आणि हळद, दुसऱ्या दिवशी लग्न, एक रात्र मुक्काम.

दोन जागा बघून आलो. एक मोठी वायनरी, तिथे खोल्या, सभागृह, सगळं तयार आहे. दुसरी दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदाराची बाग. छोटं फार्महाउस, पुढे लॉन, तिन्ही बाजूंनी वेलींच्या रांगा. भाचीचं मन दुसऱ्या जागेवर बसलं आहे. मालक भला माणूस वाटला, "तारीख कुठलीही घ्या" म्हणाला. बहिणीला मात्र दोन शंका आहेत. पाऊस आला तर काय, आणि जिथे दारू बनते तिथे होम कसा करायचा?

ज्यांनी केलं आहे किंवा जवळून पाहिलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कादवाकाठ

मामा, मी दिंडोरीचाच, घरची द्राक्षबाग आहे. "तारीख कुठलीही घ्या" हे वाक्य ऐकून मात्र काळजी वाटली. बागेला स्वतःचं पंचांग असतं, ते आधी समजून घ्या.

एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. त्या वेळी बाग म्हणजे खुंट, ओलांडे (वेलीचे आडवे फाटे) आणि तारा, पानाचं नाव नाही. मे महिन्यात कोवळ्या फुटी वर येतात, पण ऊन चाळिशीला टेकलेलं असतं. पावसाळाभर बाग हिरवीगार, पण तेव्हा चातुर्मास, आणि काळ्या मातीत पाय घालायची सोय नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, म्हणजे पुन्हा सगळं उघडंबोडकं. मग फूट निघते, फुलोरा येतो, मणी धरतात. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त घेतले तर पानं भरगच्च दिसतील, पण घडातले मणी लहान आणि कडक हिरवे असतील. मण्यात पाणी उतरतं, म्हणजे ते मऊ होऊन गोडीला येतात, ते पुढे, आणि भरलेले घड बघायचे तर साधारण जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चची सुरुवात. मार्चअखेर बहुतेक माल निघून गेलेला असतो.

म्हणजे भाचीच्या डोळ्यांसमोर जो फोटो आहे तो वर्षातून सहा-सात आठवडेच खरा असतो. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. वर्षभराचा पैसा तारेवर लटकत असतो. लग्नसराई आणि द्राक्षाचा हंगाम एकाच वेळी येतो, सगळ्या अडचणींचं मूळ तिथे आहे.

एक उदाहरण देतो. अवकाळी पाऊस झाला की डावणी आणि भुरी या रोगांच्या भीतीने काही तासांत फवारणी करावी लागते. रात्री दोन वाजता फवारणीचा ब्लोअर बाहेर काढावा लागला तरी काढतो. तुमच्या लग्नाच्या पहाटे पाऊस पडला तर मालक काय करेल? फवारलं तर तुमच्या पाहुण्यांना त्या रांगांत जाता येणार नाही, नाही फवारलं तर त्याची बाग जाईल. हा प्रश्न आजच त्याच्यासमोर बसून विचारा. तो जे उत्तर देईल ते कागदावर घ्या.

सईची आई

कादवाकाठ यांनी लिहिलेलं वाचून अंगावर काटा आला, कारण आम्ही त्यातून गेलो आहोत.

सईचं लग्न २८ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यातल्या एका बागेत होतं. २६ तारखेला दुपारनंतर गारपीट झाली. बातम्यांत सगळ्यांनी पाहिली असेल. आम्ही तेव्हा पुण्यातच होतो. मालकांचा फोन आला, एवढंच म्हणाले, "ताई, तुम्ही या. मांडवाचं मी बघतो."

२७ ला पोहोचलो. पानांच्या चिंध्या झाल्या होत्या, मण्यांचा सडा पडला होता, काही ठिकाणी ताराच खाली आल्या होत्या. लॉनवर घोटाभर चिखल. मालकांची आई बांधावर बसून होती. आम्हाला पाहून उठली, घरात गेली आणि हळदीकुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली. मी तिच्यासमोर उभी राहू शकत नव्हते.

लग्न त्यांच्या पॅकहाउसमध्ये लागलं. जिथे द्राक्षं पेटीत भरतात ती पत्र्याची मोठी शेड. रात्रभर त्यांच्याच माणसांनी ती धुतली, झेंडूच्या माळा लावल्या. डीजे आम्ही रद्द केला. व्याह्यांनीच तो विषय काढला, म्हणाले, या घरात आज वाजंत्री शोभणार नाही, सनई पुरे. ठरलेली रक्कम पूर्ण दिली, त्यांनी कमी करायला सांगितलं तरी ऐकलं नाही.

मामा, माझा सल्ला एकच. छप्पर असलेली, अडीचशे माणसं मावतील अशी पर्यायी जागा त्याच आवारात हवी. "ऐनवेळी ताडपत्री टाकू" यावर विसंबू नका. आणि करारात पावसाचं कलम हवं. आमच्या करारात नव्हतं. आम्हाला माणसं चांगली मिळाली म्हणून निभावलं.

कॅमेरा खांद्यावर

ताई, वाचून गलबललो.

फोटोंपुरतं लिहितो, या भागात बरीच लग्नं टिपली आहेत. गोरज मुहूर्त मिळत असेल तर तोच घ्या. फेब्रुवारीत नाशिकला सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. पाच ते साडेसहा या वेळात रांगांमधून येणारा तिरपा उजेड इतका सुंदर असतो की सजावटीची गरज पडत नाही. दुपारी बाराच्या मुहूर्ताला मात्र उघड्या लॉनवर सगळ्यांचे डोळे बारीक होतात आणि अंतरपाटावर कडक सावल्या पडतात.

बाग कुठल्या पद्धतीची आहे तेही बघा. मांडव पद्धतीत वेल डोक्यावर पसरते, आतून हिरवं छत दिसतं, पण बाहेरून उंची कळत नाही. वाइनच्या द्राक्षांच्या बागा बहुतेक तारेवर उभ्या रांगांत असतात, तिथे लांबच लांब गल्ली मिळते. दोन्हीचे फोटो वेगळे येतात. ड्रोनसाठी मालकाला आणि पोलिसांना आधी विचारून ठेवा.

अंतरपाट

मी पौरोहित्य करतो, त्यामुळे बहिणीच्या दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो.

विवाहहोमाला शुद्ध केलेली जमीन आणि स्थंडिल, म्हणजे होमासाठीचा मातीचा चौकोनी ओटा, लागतं. शेतजमीन त्यासाठी उत्तमच. द्राक्ष हे फळ आहे, नैवेद्यात चालतं, पंचामृताबरोबर ठेवतो. मामांनी पाहिलेली दुसरी जागा तर नुसती बाग आहे, तिथे वाइन बनतही नाही, तेव्हा ताईंनी मनात किंतू ठेवू नये. वायनरीत लग्न असेल तर मी यजमानांना एवढंच सांगतो, विधीची जागा आणि पेयपानाची जागा वेगळी असू द्या, आणि सप्तपदी होऊन मोठ्यांची जेवणं होईपर्यंत तिकडचं काही उघडू नका. हे पाळलं की घरातली ज्येष्ठ मंडळीही समाधानी असतात.

अडचण येते ती वाऱ्याची. उघड्यावर अग्नी भडकतो, ठिणग्या उडतात, समिधा विझतात. होमाला तिन्ही बाजूंनी आडोसा आणि जवळ पाण्याच्या दोन बादल्या ठेवायला सांगा. हल्ली बागांवर प्लॅस्टिकचं आच्छादन आणि पक्ष्यांसाठी जाळ्या असतात, त्यापासून अंतर हवंच.

पौषात आणि धनुर्मास संपेपर्यंत बहुतेक घरं लग्न करत नाहीत. संक्रांतीनंतर माघातले मुहूर्त बघा. कादवाकाठ यांनी सांगितलेल्या आठवड्यांशी ते छान जुळतात.

पंक्तिप्रपंच

आमचा केटरिंगचा व्यवसाय आहे, शेतावरची लग्नं नेहमी करतो. जागा बघायला जाल तेव्हा लॉन बघून परत येऊ नका, स्वयंपाकाची जागा बघा.

वीज: शेतीच्या फीडरला (वीजवाहिनीला) तीन फेज दिवसातून आठ तास, तीही कधी दिवसा कधी रात्री. त्या भरवशावर २५० माणसांचं लग्न होत नाही. जनरेटर दोन हवेत, एक चालू आणि एक राखीव. डिझेल कोणाचं ते आधी ठरवा, भांडणं तिथेच होतात.

पाणी: विहिरीचं किंवा बोअरचं पाणी अनेकदा जड असतं, डाळ शिजत नाही, चहाला चव येत नाही. स्वयंपाकाला आणि प्यायला वेगळं पाणी सांगा. हात धुवायची जागा पंगतीपासून वीस पावलांच्या आत हवी, नाहीतर वयस्कर लोक चिखलातून फिरतात.

स्वच्छतागृहं: फार्महाउसला दोन-तीन असतात. २५० माणसांना ती पुरणं शक्य नाही. फिरती भाड्याने मिळतात, पण ती ओढून आणणारी गाडी आतपर्यंत जाईल असा रस्ता हवा.

आणि गारठा. जानेवारीत निफाड-दिंडोरीकडे रात्री पारा एक आकडी होतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचे आकडे दरवर्षी पेपरात येतात. उघड्यावर बुफे मांडला तर पुरी दोन मिनिटांत थंड. रात्रीचं जेवण लवकर लावा, आजी-आजोबांची पंगत आत बसवा. गोड म्हणून गार श्रीखंडापेक्षा गरम मूगडाळीचा शिरा लोक आनंदाने खातात, हा माझा अनुभव आहे.

नियमाने

मी वकिली करते. महत्त्वाचे मुद्दे लिहिते.

पहिलं, जमीन. शेतजमिनीवर व्यावसायिक कार्यक्रम घ्यायचे तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार अकृषक परवानगीचा प्रश्न येतो. २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. मालकाकडे नेमकं काय आहे ते विचारा आणि सातबारा बघा. जागा भावांच्या सामाईक नावावर असेल तर करारावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. ऐन लग्नाच्या आठवड्यात एखादा भाऊ हरकत घेऊन उभा राहिला तर काही करता येत नाही.

दुसरं, आवाज. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. गावाबाहेर आहे म्हणून सूट मिळत नाही. बारापर्यंतची सवलत सरकारने जाहीर केलेल्या वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती असते, ती खासगी लग्नासाठी नाही. गोरज मुहूर्त घेतलात तर संगीताला फार वेळ उरत नाही हे मुलांना आत्ताच सांगा. संगीत आदल्या संध्याकाळी ठेवा.

तिसरं, मद्य. बागेत पाहुण्यांना वाइन द्यायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना काढावा लागतो. वायनरी असेल तर त्यांचा परवाना आवारातल्या कुठल्या जागेपुरता आहे ते पाहा. २६ आणि ३० जानेवारी हे कोरडे दिवस आहेत आणि लग्नाच्या हंगामात येतात. निवडणूक लागली तर मतदान संपण्याआधीचे ४८ तासही त्यात येतात.

तासगावचा

सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडतो. आमच्याकडेही बागा आहेत, बेदाण्याची शेडं आहेत. बागेत लग्न करूच नये असं मला वाटतं. लग्नानंतर चमकीचे कागद घडांत अडकलेले मी पाहिले आहेत. ते बोटाने एकेक काढावे लागतात, आणि काढताना मण्यावरची पांढरी झाक पुसली जाते. त्या झाकेवर व्यापारी भाव ठरवतो. निर्यातीच्या बागेत तर अशा घडांची पेटी भरत नाहीत. पोरं रांगांत पळतात, ठिबकच्या नळ्या तुटतात, कुणी फोटोसाठी घड हातात धरतो. शेतकरी भाड्याच्या पैशाकडे बघून हो म्हणतो आणि नंतर दुपटीने गमावतो. कार्यालयात लग्न करा, सकाळी तासभर बागेत फोटो काढा. तेवढं पुष्कळ झालं.

कादवाकाठ

तासगावकर, तुमचं बोलणं खोटं नाही. पण पूर्ण सहमत होता येत नाही. आमच्याकडे २००५ मध्ये सुला वायनरीने वाइन चाखायची टेस्टिंग रूम उघडली, २००८ पासून त्यांचा सुलाफेस्ट हा महोत्सव भरू लागला, तेव्हापासून मुंबई-पुण्याची माणसं बाग बघायला येऊ लागली. त्याआधी आमच्या बागेत व्यापारी, दलाल आणि औषधवाला याशिवाय कोणी येत नसे. गारपिटीच्या वर्षी बाग गेली की हाती काही उरत नाही. त्या वर्षी चार लग्नांचं भाडं आलं तर बँकेचा हप्ता जातो. ते उत्पन्न मला हवं आहे, फक्त ते बागेच्या जिवावर नको.

म्हणून मी स्वतः काय करतो ते सांगतो. लॉनला लागून असलेल्या पहिल्या चार रांगांचा माल विक्रीत धरत नाही. त्याची अंदाजे किंमत भाड्यात लावलेली असते आणि तसं यजमानांना उघड सांगतो. त्या रांगांतले घड पाहुण्यांनी तोडून खाल्ले तरी चालतील, कारण फवारणी थांबवल्याची तारीख वहीत लिहिलेली असते. त्यापुढे दोरी. चमकीचे कागद, फटाके आणि आकाशकंदील सोडणं पूर्ण बंद. अंधार पडल्यावर रांगांत कुणी जायचं नाही, मुलांनी तर नाहीच. आमच्या भागात बिबट्या आहे, ऊस जवळ असला की अधिक काळजी घ्यावी लागते.

अजून एक, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. हंगामात पेठ, सुरगाण्याकडून मजूर कुटुंबं येतात आणि बागेच्या कडेला पालं टाकून राहतात. लग्नाच्या दिवशी "पाहुण्यांना बरं दिसत नाही" म्हणून काही मालक त्यांना दोन दिवस हलवतात. काम बंद, मजुरी बंद, लहान मुलं घेऊन कुठेतरी आडोशाला. मामा, तुमच्या लग्नात असं होऊ देऊ नका.

तासगावचा

चार रांगा सोडायची रीत आवडली. सगळे मालक अशी ठेवत असतील तर माझी हरकत नाही.

पळसपान

ज्यांचे नातेवाईक पुणे-सोलापूरकडचे आहेत त्यांनी नारायणगाव आणि अकलूजकडेही चौकशी करावी, तिकडेही द्राक्षाचा आणि वाइनचा चांगला पट्टा आहे. मुंबईकरांना मात्र नाशिकच बरं. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, त्यामुळे कसारा घाट टाळता येतो. बस करणार असाल तर बागेपर्यंतचा शेवटचा रस्ता स्वतः गाडीने जाऊन बघा. पन्नास सीटची बस शिवाररस्त्यावर वळत नाही, आमची दीड तास अडकली होती. फाट्यावर बस थांबवून पुढे लहान गाड्या ठेवा. आणि तारीख २०२७ मध्ये ढकलत असाल तर नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थाचा विचार करा, मुक्कामाच्या खोल्या आधीच भरतील.

ठाणेकर मामा

मंडळी, उत्तराला उशीर झाला. तुमचे सगळे मुद्दे वहीत उतरवून घेतले आणि रविवारी बहिणीला घेऊन पुन्हा दिंडोरीला गेलो.

मालकांना कादवाकाठ यांचा पहाटेच्या पावसाचा प्रश्न तसाच्या तसा विचारला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "फवारणार. बाग सोडता येणार नाही." मला ते उत्तर आवडलं. त्यानंतर सगळं मोकळेपणाने बोलता आलं. पाऊस आला तर लॉनला लागून असलेल्या रांगा सोडून बाकी बाग फवारायची, त्या दिवशी पाहुण्यांनी लॉनच्या बाहेर जायचं नाही आणि लग्न त्यांच्या आवारातल्या शेडमध्ये लावायचं, असं लिहून घेतलं. शेड मोजली, खुर्च्या लावून २६० बसतात. कागदावर दोघा भावांच्या सह्या होतील. कृषी पर्यटनाच्या नोंदणीचा कागद त्यांनी दाखवला, नियमाने ताईंना तो पाठवतो, कृपया नजर टाका.

माघातला गोरज मुहूर्त धरला आहे. संगीत आदल्या दिवशी, दहाला बंद. वाइन नको असं भाचीनेच ठरवलं, स्वागताला बागेतल्या द्राक्षांचा ताजा रस द्यायचा. बहिणीला गुरुजींचं उत्तर वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं, आणि बागेतून निघताना मालकिणीकडून होमासाठी जागा कुठली हे स्वतः बघून आली.

मजुरांबद्दलही विचारलं. बागेत सात कुटुंबं आहेत. ती आहेत तिथेच राहतील, त्या दिवशी काम बंद ठेवावं लागेल. बहीण म्हणते त्यांनाही लग्नाचं जेवण आणि बायकांना साड्या द्याव्यात. कादवाकाठ दादा, तुम्ही त्यांना जवळून ओळखता, काय देणं योग्य होईल?

कादवाकाठ

मामा, जेवण जरूर द्या, पण उरलेलं नको. पहिल्या पंगतीबरोबर त्यांचीही पंगत बसवा. साड्या दिल्यात तर आनंदच होईल. पण आधी त्या दिवसाची मजुरी द्या, घरटी नाही तर कामावर येणाऱ्या प्रत्येक माणसामागे, बायकांना पुरुषांइतकीच. मुकादमाकडे देऊ नका. आदल्या दिवशी संध्याकाळी काम सुटल्यावर सगळे हौदापाशी हातपाय धुवायला येतात, तेव्हा ज्याची त्याच्या हातात द्या. सुट्या नोटा घेऊन या, दिंडोरीत रविवारी मिळत नाहीत.